आकडा, मीटर आणि हेतू



इंग्लंडच्या फौजदारी कायद्यातली फसवणूक आणि अप्रामाणिकपणा, असा विषय तुम्ही मला दिलात. विषय लंडनचा आणि सभा पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या दारात! तेव्हा मी लंडनला जाऊन येईन, पण मुक्काम विजेच्या मीटरपाशीच करणार आहे.

वीज चोरता येते का, या प्रश्नानं दोन्हीकडच्या न्यायालयांना दमवलं. इंग्लंडात 1975 साली लो विरुद्ध ब्लीझ खटल्यात, परक्या जागेत शिरून फोन केलेल्या माणसाला घरफोडीतून सोडावं लागलं, कारण फोनला लागलेली वीज ही मालमत्ताच नव्हे. तिच्यासाठी तिथं 1968 च्या चोरी कायद्यात 13 वं कलम वेगळं आहे. आपल्याकडे 1965 साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा गुन्हा दंड संहितेचा नव्हे, वीज कायद्याचा. फिर्याद योग्य माणसाकडून आली नव्हती, म्हणून आरोपी सुटला.

दोन्ही कायद्यांची भिस्त मात्र एकाच गोष्टीवर आहे: अप्रामाणिकपणा. तो ठरवायचा कोणाच्या मापानं? 1982 च्या घोष निकालानं इंग्लंडात दोन प्रश्न घालून दिले. सामान्य सभ्य माणसाच्या नजरेत कृत्य अप्रामाणिक आहे का, आणि तसं ते आहे हे आरोपीला कळत होतं का? दुसऱ्या प्रश्नाची गंमत अशी की ज्याची नीती जितकी घसरलेली, त्याला सुटायला तितकी मोकळी वाट.

मग आला फिल आयव्ही. हा नावाजलेला जुगारी लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात अंधश्रद्धेचं सोंग करून पत्तेवाटणारीकडून हवी ती पानं फिरवून घ्यायचा आणि पाठीच्या नक्षीतल्या बारीक फरकावरून पान ओळखायचा. जिंकला 77 लाख पौंड. क्लबनं पैसे अडवले, तेव्हा हाच कोर्टात गेला. आपण केलं ते चातुर्य, लबाडी नव्हे, असं तो मनापासून मानत होता. 2017 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला हरवलं आणि घोषचा दुसरा प्रश्न निकालात काढला. आता आरोपीला वस्तुस्थिती काय ठाऊक होती ते आधी पाहायचं आणि मग माप लावायचं ते चारचौघांचं. 2020 च्या बार्टन निकालानं फौजदारीतही हेच पक्कं केलं. माझ्या मते हे योग्यच झालं.

आपली व्याख्या जुनी आणि वेगळी आहे. गैरवाजवी लाभ किंवा गैरवाजवी हानी करण्याचा इरादा म्हणजे अप्रामाणिकपणा. 1860 च्या संहितेतून ती न्याय संहितेत तशीच आली. फसवणुकीचं कलम चारशेवीस तेवढं 318(4) झालं.

आता मीटर. तारेवर आकडा टाकला किंवा मीटर बायपास केलं, तर वाद नाही. पण घरगुती कनेक्शनवर कुणी लेथ चालवला तर? वीज कायदा 2003 चं कलम 126 त्याला अनधिकृत वापर म्हणतं आणि दुप्पट दरानं आकारणी करतं. कलम 135 त्याच कृत्याला चोरी म्हणतं, तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. कृत्य एकच, मधे फरक फक्त अप्रामाणिक हेतूचा. सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या सीताराम राइस मिल निकालात ही रेघ ओढली आहे.

पण त्याच 135 मध्ये एक गृहीतक बसलंय. अनधिकृत साधन सापडलं, की हेतू अप्रामाणिकच होता असं धरायचं. उलट सिद्ध करणं ग्राहकाकडे. इंग्लंडच्या 13 व्या कलमात असं काही नाही. तिथं हेतू सरकारपक्षानं सिद्ध करायचा. आपला भाडेकरू कारखानदार शेड घेतो, आधीच्या माणसानं केलेली जोडणी भिंतीत तशीच असते, दक्षता पथक येतं, पंचनामा होतो. पुढे कलम 152 ची तडजोड: औद्योगिक ग्राहकाला दर किलोवॉटला किंवा अश्वशक्तीला 20,000 रुपये. निर्दोष माणूसही ती भरून मोकळा होतो, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच. हा व्यवहार मला पटत नाही.

म्हणून कंपनीच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: पंचनाम्यात नुसतं 'बायपास आढळला' लिहू नका. सील कधी लावलं, जागा कोणाकडे कधीपासून, मागच्या वर्षीचा वापर किती युनिट, हेही लिहा. वकील मित्रांनो, तडजोडीच्या अर्जावर सही घेण्याआधी अशिलाला विचारा की शेड त्यानं कधी घेतली. आणि कारखानदारांनो, चावी हातात घेताना मीटरचा फोटो काढा, सील नंबर करारात लिहून घ्या. जुनी जोडणी दिसली तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.