बांध कोणी मोजायचा?



सत्तेत गेल्याने माणसाचा स्वार्थ सुटत नाही, असे अर्थशास्त्रातील 'सार्वजनिक निवड' हा विचारसंप्रदाय सांगतो. त्याचे प्रणेते जेम्स बुकॅनन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मतदारसंघांच्या सीमा लोकप्रतिनिधींनीच आखल्या, तर काय होते? १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी स्वपक्षाच्या सोयीच्या वेड्यावाकड्या सीमांना संमती दिली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१० साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपविले. परंतु २०२५ साली टेक्सासने सोयीचा नकाशा करताच त्यांनीच आयोगाचा नकाशा बाजूला सारला. सूड जिंकला, नियम हरला.

आपल्या २००२ च्या कायद्याने आयोगाच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती नेमले आणि आयोगाच्या आदेशात फेरफार करण्याची मुभा संसदेलाही ठेवली नाही. हे शहाणपण जपले पाहिजे.

व्यक्तिनिर्माणावर आपली श्रद्धा आहे. तथापि सज्जन शेतकरीही बांधाच्या तंट्यात मोजणीदार बोलावतो. पुनर्रचनेत आपल्या विचाराच्या पक्षाचा लाभ होवो वा हानी, मोजणीदार त्रयस्थच असावा, हा आग्रह आपण सोडता कामा नये.