दिल्लीत राहून मराठ्यांची दिल्ली शोधताना

आज बोलायचंय ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांशी, आणि त्यातही दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव इकडे शिकणाऱ्या मराठी मुलांशी.

गेल्या वर्षी नोएडात राहणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. एम.ए.चा लघुप्रबंध, विषय 1788 सालची दिल्ली. गुलाम कादिरनं बादशहा शाह आलमचे डोळे काढले, महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली परत घेतली, ते सगळं प्रकरण. हातात सहा आठवडे. पहिलं प्रकरण तिनं एक इंग्रजी ग्रंथ आणि इंटरनेटवरची चार पानं यांच्या जोरावर लिहून टाकलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एकच ओळ लिहून ते परत केलं: "मराठे स्वतः काय म्हणत होते?"

ती रडकुंडीला आली होती. म्हणाली, "सर, मला मोडी येत नाही, फारसी येत नाही. पुण्याला जाऊन राहायला पैसे नाहीत. विषयच बदलू का?"

मी म्हटलं, बदलू नकोस. मोडी न येताही या विषयाची तिन्ही दारं उघडतात, आणि तीही दिल्लीत बसून. आपल्या आधीच्या लोकांनी डोळे फोडून छापून ठेवलंय, ते आधी वाच.

पहिलं दार मराठी. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणं दिल्लीत होतं. दरबारात कोण आलं, कोण रुसलं, पगारासाठी कोणत्या पलटणीनं दंगा केला, हे सगळं वकील पुण्याला लिहून कळवत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या नावानं अशी पत्रं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापली, आणि ती बाळबोध लिपीत आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळानं प्रसिद्ध केलेलं 'हिंगणे दप्तर' आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात संपादित केलेले पेशवे दप्तराचे 45 खंड आहेत. भाषा जुनी आहे, पहिले चार दिवस डोकं दुखतं. पाचव्या दिवशी पत्र बोलायला लागतं.

दुसरं दार फारसी. दिल्लीतल्या फारसी बातमीपत्रांचं इंग्रजी भाषांतर जदुनाथ सरकार यांनी केलं. मुंबई सरकारनं 1953 मध्ये ते 'दिल्ली अफेअर्स' या नावानं काढलं. काळ 1761 ते 1788, म्हणजे आपल्या मुलीचं साल त्यात आहे.

तिसरं दार कंपनीचं. पुण्यात चार्ल्स मॅलेट, शिंद्यांकडे विल्यम पामर. या इंग्रज वकिलांची पत्रं 'पूना रेसिडेन्सी कॉरस्पॉन्डन्स' या मालेत छापली आहेत. 1936 मध्ये निघालेला पहिला खंड महादजींच्या उत्तरेतल्या कारभारावरच आहे.

आता हे मिळणार कुठे? आधी आपल्या विद्यापीठाचं ग्रंथालय. पुस्तक सूचीत असतं पण कपाटात नसतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. माझ्या विद्यार्थिदशेत एका ग्रंथालयात मी एकच खंड तीन महिने मागत होतो. तो शेवटी सापडला बांधणीसाठी गेलेल्या गठ्ठ्यात. म्हणून सूचीपाशी थांबू नका. ग्रंथपालांशी बोला, नमस्कार करा, विषय सांगा. संगणक तुम्ही टाइप केलेला शब्द शोधतो, ग्रंथपाल तुम्हाला काय हवंय ते शोधतात. आपल्याकडे नसेल तर डेलनेटबद्दल विचारा. 1988 पासून चालू असलेलं ग्रंथालयांचं हे जाळं आहे, कार्यालय जेएनयूच्या आवारात आहे आणि सदस्य ग्रंथालयं एकमेकांकडून पुस्तकं मागवू शकतात. मंडी हाउसला रवींद्र भवनात साहित्य अकादमीचं ग्रंथालय आहे, तिथे मराठीची कपाटं आहेत. दिल्लीतल्या किती मराठी घरांना हे ठाऊक आहे, मला शंका आहे.

घरबसल्या हवं असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं ढिगानं आहेत. फक्त नाव टाकून ती सापडत नाहीत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामधून आलेल्या पुस्तकांची नावं रोमन लिपीत विचित्र पद्धतीनं लिहिलेली आहेत: 'आ'साठी दोनदा ए, 'ट'साठी टीच्या पुढे वरचा स्वल्पविराम. 'मराठे' शब्द नेहमीच्या स्पेलिंगनं शोधलात तर हाती काही लागत नाही. लेखकाचं आडनाव निरनिराळ्या स्पेलिंगनं टाकून पाहा. आमच्या मुलीला एक खंड तिसऱ्या प्रयत्नात मिळाला, रात्री साडेअकराला, आणि तिनं मला तेव्हाच फोन केला.

छापील वाचून झालं की मगच जनपथावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायचं. हे खातं 1891 मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, दिल्लीतली ही इमारत 1926 ची. 1939 मध्ये त्याची सूत्रं सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे आली. बंगाली माणूस, पण मराठी शिकून मराठ्यांच्या राज्यकारभारावर आणि लष्करावर ग्रंथ लिहिलेला. मोडीला घाबरणाऱ्या मराठी मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

ओळखपत्र न्या, विभागाचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र न्या, आणि नियम व वेळा आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघून घ्या. 'अभिलेख पटल' या त्यांच्या पोर्टलवर आधी शोधा. बरेच कागद तिथे स्कॅन केलेले आहेत, कदाचित खेपच वाचेल. शोधताना नावांची आजची रूपं विसरा. कंपनीचे कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत. शिंदे म्हणजे कधी एस-आय-एन-डी-आय-ए, कधी मध्ये सी, कधी शेवटी एच. महादजींच्या नावाची तर गणतीच नाही.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे आमच्या मुलीचं दुसरं प्रकरणही परत येणार होतं. परराष्ट्र खात्याचे जुने कागद 'कन्सल्टेशन्स'च्या तारखेनं लावलेले आहेत. ही तारीख पत्र लिहिल्याची नव्हे. कलकत्त्याच्या कौन्सिलपुढे ते ज्या दिवशी आलं त्या दिवसाची. दिल्लीची बातमी तिथे पोचून कामकाजात येईपर्यंत आठवडे जात, कधी महिने. हिनं कन्सल्टेशनची तारीख घटनेची म्हणून लिहिली होती. परिणाम असा की तिच्या प्रकरणात मराठे दिल्लीत पोचले होते खूप उशिरा, आणि त्या 'उशिरा'वर तिनं दोन पानं टीका केली होती! मराठी पत्राशी ताडून पाहिलं तेव्हा तो उशीर टपालाचा निघाला. ती दोन पानं तिनं माझ्यासमोर फाडली. माझ्या मते त्या दिवशी ती इतिहासाची विद्यार्थिनी झाली.

ताडून पाहायचं तर मराठी पत्रांची कालगणनाही यायला हवी. तिथे शुहूर सन असतो, तोही अरबी अंकशब्दांत. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार: 1175. त्यात 599 मिळवा, 1774 येतं. पण हे वर्ष मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या सुमारास सुरू होई, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मेपर्यंतच्या पत्रांना 600 मिळवायचे. तिथीवरून इंग्रजी तारीख काढायला स्वामीकन्नू पिल्लै यांची 'इंडियन एफेमेरिस' वापरा. प्रत्येक टिपणावर दोन्ही तारखा लिहा, शिवाय खातं, शाखा, कन्सल्टेशनची तारीख, क्रमांक. हे त्याच क्षणी लिहिलं नाही तर पुन्हा सापडत नाही. माझ्याकडे अशा अनाथ टिपणांची एक अख्खी वही आहे.

विषय विसाव्या शतकातला असेल तर काम याहून सोपं. गोखले, जयकर, दादासाहेब खापर्डे यांचे कागद याच अभिलेखागारात आहेत. डॉ. मुंजे यांचे कागद तीन मूर्तीला, ज्या संस्थेला 2023 पासून पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय म्हणतात तिथे.

मुलीनं प्रबंध वेळेत दिला. मोडी तिला अजून येत नाही, पण दर रविवारी ती दोन ओळी गिरवते आणि मला फोटो पाठवते. 'ळ' अजून चुकतो. तुमचा विषय कोणता आहे आणि कोणतं पुस्तक मिळत नाहीये, ते खाली लिहा. पुढच्या भागात त्यातलीच काही घेऊ.