गावातला खून : कादंबरीतला आणि खरा



रहस्यकथा आवडत नाही असा वाचक विरळा. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजारावर रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळा पहाड महाराष्ट्रातल्या घराघरांत शिरले. पण आज मला बोलायचं आहे ते निराळ्या जातीच्या कादंबरीबद्दल. गाव लहान, माणसं साधी, खून एक, आणि संशयित सगळेच! अ‍ॅगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेनं १९३० साली अशी कादंबरी लिहिली. सेंट मेरी मीड नावाचं खेडं, आणि तिथल्या मिस मार्पल या म्हाताऱ्या बाई गुन्हेगार हुडकून काढतात.

हे खरं वाटतं का? हीच कथा आपल्या चांदवडला किंवा येवल्याला नेऊन बघू या.

एक गोष्ट पटते. लहान गावात काही लपत नाही. कोण कुठल्या एस. टी.नं गेलं, कुणाच्या घरी अवेळी दिवा होता, हे ओट्यावर बसलेल्या आजीबाईंना बिनचूक ठाऊक असतं. मिस मार्पलबाईंची हुशारी म्हणजे हीच नजर.

पुढचं मात्र अवघड. प्रेत सापडलं की आपल्याकडे पोलीस पाटील ठाण्याला वर्दी देतो. पोलीस येतात, शेजारपाजारच्या दोन प्रतिष्ठित माणसांसमक्ष पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जातं. विषाचा संशय असला तर व्हिसेरा प्रयोगशाळेकडे जातो, आणि त्या अहवालाची वाट पाहावी लागते. कादंबरीतले हौशी गृहस्थ मात्र चहाचा पेला उचलतात, रुमाल खिशात घालतात. खऱ्या खटल्यात असा पुरावा वकील उभा राहू देणार नाही!

शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून गुन्हेगाराकडून कबुली घ्यायची, ही तर नेहमीची रीत. पण पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या कायद्यात हे होतं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. मारझोड करून कुणाच्याही तोंडून काहीही वदवता येतं, म्हणून हा बांध घातलेला आहे.

खरे खून बहुधा कोड्यासारखे नसतात. नाशिकचाच दाखला घ्या. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! ‘कोणी केलं’ हा प्रश्नच नव्हता. तपास चालला तो पिस्तूल कुठून आलं याचा, आणि त्याचा माग थेट लंडनपर्यंत गेला.

आता सर्वांत मोठा फरक. कादंबरीत आपण आलटून पालटून प्रत्येकावर संशय घेतो आणि पुस्तक मिटलं की विसरतो. गावात तसं होत नाही. एकदा नाव घेतलं गेलं की त्या माणसाच्या मुलाबाळांनाही ते चिकटतं. कधी त्याहून भयंकर घडतं. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. मुलं पळवण्याची नुसती अफवा होती. तिथं मिस मार्पल नव्हत्या. होता तो फक्त संशय.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवावंसं वाटतं. मुलं रहस्यकथा वाचतात म्हणून रागावू नका. वर्गात एखादी वाचा, आणि फळ्यावर तीन रकाने आखा : पाहिलं, ऐकलं, वाटलं. गोष्टीतलं प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात बसतं ते मुलांनाच ठरवू द्या. तिसरा रकाना किती भरतो ते पाहून मुलं चकित होतील. पुढं कधी पारावर कुणाचं नाव कुजबुजत निघालं, तर त्यांच्यातला एखादा तरी विचारील, ‘हे तुम्ही पाहिलंत, की नुसतं ऐकलंत?’ एवढं विचारणारा एक माणूस गावात असला, तरी एखाद्याचा जीव वाचू शकतो.