रंगावर पट्टे नकोत
गाडीच्या रंगावर क्विक डिटेलर हा चकाकी देणारा द्रव फवारल्यावर पांढुरके पट्टे उरतात, ते बहुधा तापलेल्या पत्र्यामुळे. बॉनेट गरम असलं की द्रवातलं पाणी पुसण्याआधीच उडतं आणि चकाकी देणारे घटक तिथेच वाळतात. म्हणून गाडी सावलीत लावा, पत्रा हाताला गार लागू द्या. एका दरवाज्याला दोन-तीन फवारे पुष्कळ. मायक्रोफायबरचं फडकं घडी घालून हलक्या हाताने फिरवा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. धुळीचा थर असेल तर मात्र गाडी आधी धुवाच. कोरडी धूळ घासली की रंगावर बारीक ओरखडे उठतात, आणि ते असल्या फवाऱ्याने निघत नाहीत. फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका. त्याचा अंश धाग्यांत राहून पुन्हा पट्टे उमटतात.