ओढ्याकाठचा स्वर्गीय नर्तक



उसावर बोलायचे असते तर या सभेतले निम्मे लोक आमच्याहून अधिक जाणकार निघाले असते. म्हणून आम्ही एक पक्षी निवडला. तो तरी केवढा? लांब शेपटी वगळली तर बुलबुलाएवढा! मराठीत त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात, हिंदीत दूधराज; मध्य प्रदेशाने तर त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे.

नराचे डोके काळेभोर, त्यावर तुरा, अंग दुधासारखे, आणि शेपटीची दोन पिसे वीतभराहून लांब, फितीसारखी. मादी तांबूस व आखूड शेपटीची, त्यामुळे पुष्कळ जण तिला बुलबुल समजून पुढे जातात. गंमत अशी की, तरुण नरही तांबूसच असतो. पांढरा पोशाख अंगावर यायला त्याला काही वर्षे वाट पाहावी लागते.

याचे पोट हवेतल्या किड्यांवर. सावलीतल्या फांदीवर ताठ बसायचे, माशी किंवा पतंग दिसला की झेप घ्यायची आणि हवेतच चोच मिटायची. स्नानदेखील तसेच, फांदीवरून पाण्यात सूर, की पुन्हा फांदी! म्हणजे त्याला दाट सावली हवी, फांद्यांखाली मोकळी जागा हवी आणि जवळ पाणी हवे. येथून शिराळ्यावरून वारणेच्या खोऱ्यात वर गेले की चांदोलीचे रान लागते. 1985 साली ते अभयारण्य झाले, 2004 साली राष्ट्रीय उद्यान आणि 2010 साली कोयनेसह व्याघ्र प्रकल्प. राखले वाघासाठी, पण या नर्तकाचेही त्यात साधले.

त्याच खोऱ्यात, एका ओढ्याकाठी, जूनच्या आरंभी आम्हांस त्याचे घरटे दिसले. डोक्याच्या उंचीवर, बारीक फांदीच्या बेचक्यात गवताची वाटी, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली. आत चक्क नर बसलेला, आणि फिती बाहेर लोंबत होत्या! एवढा नखरेल गृहस्थ अंडी उबवायला बसतो, हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण खरे वाटले नव्हते. नीट दिसावे म्हणून आम्ही दोन डहाळ्या मागे सारून अडकवल्या. घरट्याला हात लावला नाही, याचा अभिमानही वाटला. चार दिवसांनी गेलो तो वाटी रिकामी, आणि डहाळ्या आम्ही अडकवल्या होत्या तशाच. अंडी कावळ्याने नेली की सापाने, कोण जाणे. वाट मात्र आम्हीच मोकळी करून दिली होती.

कोणी म्हणेल, आपला तालुका काय कमी हिरवा आहे? हिरवा खरा; पण उसाच्या फडात बसायला फांदी नाही आणि झेप घ्यायला पोकळी नाही. हिवाळ्यात हा पक्षी रानातून सखल प्रदेशात उतरतो, तो आमराई आणि ओढ्याकाठची झाडी शोधीत. बांध रुंद करताना पहिली कुऱ्हाड पडते ती नेमकी याच झाडांवर.

ज्यांच्या ओढ्यावर करंज, जांभूळ अजून उभे आहेत, त्यांनी येत्या मार्गशीर्षात एखाद्या सकाळी तेथे घटकाभर बसावे. गाण्याची अपेक्षा करू नये. त्याची हाक रूपाला न शोभणारी, घोगरी आहे. ती ऐकू आली की वर पाहावे, आणि आम्हांस एक पोस्टकार्ड टाकावे.