साष्टींतील ख्रिस्ती घरांची चिकाटी

दहिसर आणि बोरिवली या दोन गांवांच्या सीमेवर, दहिसर नदीच्या जुन्या पात्राजवळ, मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. लोकलगाडीनें रोज त्या बाजूनें जा-ये करणाऱ्या श्रोत्यांपैकीं फारच थोड्यांनीं तीं पाहिलीं असतील. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं शिवभक्तांनीं तीं खोदविलीं. आंत नृत्य करणाऱ्या शिवाची मूर्ति अद्यापि दिसते. महाशिवरात्रीस तेथें दर्शनाला गर्दी होते. त्याच लेण्यांच्या एका भिंतीवर, मूळचें कोरीव काम छिलून कोरलेला एक मोठा क्रूस आहे. लेण्यांच्या माथ्यावर पोर्तुगीजांच्या मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत, आणि जवळच निष्कलंक मातेचें ख्रिस्ती मंदिर आहे, तेथें आजहि नित्य उपासना चालते. हें सर्व एका टेकडीच्या आश्रयास पाहिलें म्हणजे विचारी माणसाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. मठ बांधणारे गेले, त्यांचें राज्य गेलें, त्यांच्या घंटाहि गेल्या; मग ही श्रद्धा कोणाच्या आधारानें राहिली?

उत्तर शोधण्यापूर्वीं एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. साष्टींत ख्रिस्ती धर्म आला तो सगळाच प्रेमाच्या वाटेनें आला नाहीं. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केला. पुढें दहा-पंधरा वर्षांतच फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आंतोनियु दु पोर्तु यांनीं मंडपेश्वराच्या लेण्याचें प्रार्थनामंदिर करून टाकलें. हिंदूंच्या उघड उपासनेवर बंदी, देवळांचा विध्वंस, नंतर गोव्याच्या धर्मन्यायासनाचा धाक, हें सारें इतिहासांत नमूद आहे. अंजूरच्या गंगाजी नाइकांसारख्यांनीं पेशव्यांकडे धांव घेतली ती उगाच नव्हे. परंतु मध्यंतरीं दोनशें वर्षें लोटलीं होतीं. पणजोबाच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचें पाणी कोणत्या परिस्थितींत पडलें हें पणतवास ठाऊक नव्हतें. त्याला ठाऊक होती ती आईनें शिकविलेली प्रार्थना. पहिल्या पिढीवर लादलेली गोष्ट पांचव्या पिढीची आपली झालेली असते, हें ध्यानांत न घेतल्यास साष्टीच्या या माणसांना न्याय देतां यावयाचा नाहीं.

१७३७ मध्यें ठाणें आणि साष्टी मराठ्यांच्या हातीं आलीं, आणि १६ मे १७३९ रोजीं चिमाजी आप्पांच्या पुढें वसईनें हात टेकले. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेनें आपल्या धर्माप्रमाणें वागावें, अशी मोकळीक तहाच्या कलमांत ठेवलेली होती. ही गोष्ट विजेत्यांस भूषणावह आहे. फिरंगी सरदार, शिपाई आणि बहुतेक युरोपियन पाद्री गलबतांत बसून निघून गेले. कित्येक देवळें ओस पडलीं, कित्येकांचीं छपरें कोसळलीं. (चर्चला ‘देऊळ’ म्हणण्याचा प्रघात या ख्रिस्ती समाजांत आजहि आहे, म्हणून येथें तोच शब्द ठेविला आहे.) घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांत, भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवलीस त्या अद्यापि टांगलेल्या आहेत. त्यांचा नाद ऐकून हात जोडणारा भाविक त्यांच्या मूळ गांवाचा क्वचितच विचार करीत असेल.

मागें राहिले ते भातशेती करणारे, मासे धरणारे, ताडी काढणारे, सुतारकाम करणारे लोक. त्यांच्यासाठीं गलबत नव्हतें आणि जाण्याला लिस्बनहि नव्हतें. त्यांचें जें कांहीं होतें तें याच खाजणांत व याच खळ्यांत होतें. कांहीं कुटुंबें जुन्या धर्मांत परत गेलीं, आणि त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें जीं गेलीं नाहींत त्यांचें. १७३९ पूर्वीं ख्रिस्ती असण्यांत सरकारचा आश्रय होता. नंतर तो उरला नाहीं. पद नाहीं, मान नाहीं, शिकविणारा नाहीं, आणि पूर्वींच्या राज्यकर्त्यांच्या अपराधाचा डाग मात्र आपल्या अंगावर! अशा वेळीं स्वस्थपणें आपला धर्म पाळीत राहावयाचें, याला सामान्य धैर्य पुरत नाहीं.

वीस-बावीस वर्षांनंतरची स्थिति एका परक्या प्रवाशानें पाहून ठेविली आहे. पारशांच्या अवेस्ता ग्रंथाच्या शोधार्थ हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच विद्वान आंकतील द्यु पेरों १७६० मध्यें साष्टींत हिंडला, कान्हेरीचीं लेणीं पाहून आला. मराठी राज्यांत ख्रिस्ती उपासना उघडपणें चाललेली त्याला दिसली. ठाण्यास एका सणाला ख्रिस्ती लोकांचा मोठा समुदाय जमलेला त्यानें पाहिला. धर्मकृत्यें चालविणारे पाद्री सगळे एतद्देशीय होते. युरोपियन गुरु गेल्यावर हा धर्म आपोआप मावळेल, असें ज्यांना वाटलें असेल त्यांना ठाण्याच्या त्या सणानें उत्तर दिलें होतें.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली, तेव्हां तरी या लोकांचे कष्ट संपावे. पण तसें झालें नाहीं. गोव्याच्या आर्चबिशपांची हुकमत चालावी कीं रोमहून नेमलेल्यांची, असा वाद मुंबईंत सुरू होऊन १७९४ पासून दुहेरी अंमल बसला, आणि तो १९२८ मध्यें मिटला. त्या भांडणाचे पडसाद साष्टीच्या वाड्यांतूनहि उमटले. मेंढपाळांनीं आपसांत तंटा करावा आणि मेंढरांनीं मुकाट्यानें चरत राहावें, असा प्रकार.

हें सारें टिकलें कसें, याचें उत्तर दफ्तरांत सांपडत नाहीं. तें घरांत सांपडतें. घंटा नसली तरी संध्याकाळ व्हावयाची राहात नाहीं. शेतावरून माणसें परत येत, चुलीवर भात चढे, आणि घरांतील वडील बाई क्रूसापुढें दिवा लावून जपमाळ हातीं घेई. तिला अक्षरओळख नसे. प्रार्थनेंतील पुष्कळ शब्द पोर्तुगीज वा लॅटिन, त्यांचा अर्थ तिला विचारला असतां तर सांगतां आला नसता. परंतु कोणत्या शब्दानंतर मेलेल्या मुलाची आठवण करावयाची आणि कोणत्या शब्दानंतर खाडींत गेलेल्या नवऱ्यासाठीं क्षणभर थांबावयाचें, हें ती बरोबर जाणत असे. पंडितांनीं अशा प्रार्थनेस यांत्रिक म्हटलें आहे. पंडितांना खाडीच्या वाऱ्यांत होडीची वाट पाहण्याचा प्रसंग आलेला नसतो.

वाडीच्या तोंडाशीं दगडी किंवा लांकडी क्रूस असे. तेथें मे महिन्यांत शेजारीपाजारी जमून लादिन म्हणत आणि शेवटीं उकडलेले चणे वांटीत. ही चाल आजहि मोडलेली नाहीं. लग्नाच्या आदल्या दिवशीं बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचें पाणी’ आणतात आणि त्या पाण्यानें वधूवरांस न्हाऊं घालतात. हा विधि कोणत्याहि लॅटिन पोथींत नाहीं. तो बाप्तिस्म्याच्याहि आधींचा आहे. कडक मताचे लोक त्याला नाक मुरडतात. पण ज्या श्रद्धेनें आपली विहीर, आपलें लुगडें आणि आपली बोली सोडली नाहीं, ती उपटून टाकणें कठीण गेलें, हें त्यांनीं लक्षांत घ्यावें. १६१६ मध्यें गोव्यांत फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ छापलें गेलें तें मराठी ओवींत. जन्मानें इंग्रज असलेल्या त्या पाद्र्यास ही गोष्ट केव्हांच उमगली होती. देवळांतील मुख्य उपासना मराठींत होण्यास मात्र व्हॅटिकनची १९६२ ते १९६५ ची परिषद होऊन जावी लागली.

वांद्र्याच्या मोत माउलीची कथा येथें सांगण्याजोगी आहे. मराठ्यांच्या स्वारींत तेथील देऊळ मोडलें आणि मूर्ति समुद्रांत गेली. ती पुढें कोळ्यांना खडकांत सांपडली, माहीमच्या देवळांत ठेवली गेली, आणि १७६१ मध्यें देऊळ पुन्हां उभें राहिल्यावर स्वस्थानीं आली, असें परंपरा सांगते. आज सप्टेंबरच्या जत्रेंत त्या टेकडीवर मेणबत्ती घेऊन चढणाऱ्यांत हिंदु किती आणि ख्रिस्ती किती, हें वेगळें काढणें सोपें नाहीं.

भरंवशाची खरी परीक्षा १८९६ सालीं झाली. त्या वर्षाच्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग दिसला आणि पाहतां पाहतां पसरला. माणसें घरें टाकून पळूं लागलीं. त्या काळांत ख्रिस्ती वस्त्यांतून ठिकठिकाणीं क्रूस उभारले गेले; वांद्र्याच्या आणि गिरगांवच्या जुन्या गल्ल्यांतून त्यांवरचे सन अजून वाचतां येतात. क्रूस उभारल्यानें प्लेग हटला असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. ज्यांनीं क्रूस उभारले त्यांच्याहि घरांतून प्रेतें निघालीं. म्हणूनच त्या दगडांची गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. मागितलेलें मिळालें म्हणून जे हात जोडतात त्यांचा व्यवहार सरळ आहे. मागितलेलें मिळालें नाहीं, मुलगा गेला, तरी दुसऱ्या संध्याकाळीं त्याच क्रूसापुढें येऊन शेजाऱ्याच्या मुलासाठीं जे हात जोडतात, त्यांच्या वागण्याला भरंवसा हा शब्द लागूं पडतो.

याच समाजानें १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. गोव्याकडून व मंगळूराकडून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, येथल्या मातीचे, हें सरकारला कळावें हा हेतु. येथल्या मातीच्या माणसांनीं त्यासाठीं कंपनी सरकारची आठवण देणारें इंग्रजी नांव घ्यावें, यांत थोडा विनोद आहे. पण नोकरीच्या अर्जावर तें उपयोगीं पडत असे, आणि पोटाला विनोद कळत नाहीं.

आतां संकट निराळें आहे. दहिसर, बोरिवली, कांदिवली येथील भातशेतें पाहतां पाहतां इमारतींखालीं गेलीं. गांवठाणें उंच घरांच्या मध्यें अडकून पडलीं आहेत. तरुण मंडळी आखाती देशांत, कानडांत, ऑस्ट्रेलियांत गेलेली. ज्या घरांत दहा माणसें मिळून जपमाळ म्हणत तेथें दोन म्हातारीं माणसें उरलीं आहेत. एकानें अर्धी प्रार्थना म्हणावयाची व दुसऱ्यानें उरलेली पुरी करावयाची, इतकाच काय तो मेळा. तलवारीपुढें जें टिकलें तें जमिनीच्या भावापुढें टिकेल काय, ही शंका पुष्कळांच्या मनांत आहे, आणि ती खोटी म्हणतां येत नाहीं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं या समाजांत आगेरा होतो. हा सुगीचा सण. पूर्वीं धर्मगुरु लोकांसह शेतावर जात, नव्या भाताच्या ओंब्यांवर आशीर्वाद मागत, त्या कापून वाजतगाजत देवळांत आणीत. आतां पुष्कळ ठिकाणीं शेतच नाहीं. म्हणून गोराई, उत्तन किंवा वसईकडून, जेथें अजून भात पिकतो तेथून, ओंब्या आगाऊ सांगून आणवाव्या लागतात. त्या देवळापासून थोड्या अंतरावर ठेवतात, आणि तेथून मिरवणूक निघते. लुगडीं नेसलेल्या बायका पुढें असतात, मागें बॅंड वाजत असतो, रस्त्यावरच्या मोटारी क्षणभर खोळंबतात. उपासना झाल्यावर ओंब्या वांटल्या जातात, आणि ज्या मुलांनीं भाताचें शेत कधींच पाहिलेलें नाहीं तीं मुलें त्या सांभाळून, दोन्ही हातांत धरून, उद्वाहनांतून वरच्या मजल्यावर आपल्या घरीं नेतात.