मतदार यादी आणि गावाबाहेरचा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणुकीची चर्चा सुरू झाली की ती उमेदवारी, आघाड्या, जातींची गणिते आणि पैसा यांभोवती फिरू लागते. ज्या कागदावर हा सारा डोलारा उभा असतो त्या मतदार यादीकडे लक्ष जाते ते मतदानाच्या दिवशी सकाळी, केंद्राबाहेर टेबल मांडून बसलेल्या कार्यकर्त्याला समोरच्या माणसाचे नाव सापडेनासे होते तेव्हा. त्या घटकेला कोणाच्याच हाती काही उरलेले नसते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या बासष्टाव्या कलमाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तेथे मत देता येणार नाही. निवडणूक आयोगाचे छायाचित्र-ओळखपत्र खिशात असले तरीही नाही. उलटपक्षी नाव यादीत असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आयोगाने मान्य केलेला दुसरा एखादा कागद, अगदी रोजगार हमीचे जॉबकार्डसुद्धा, चालते. ओळखपत्र एकदा मिळाले की काम संपले ही समजूत खेड्यात जितकी आहे तितकीच सुशिक्षितांच्या वसाहतींतही आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्या-मुंबईत अनेक जुन्या मतदारांना ती महागात पडली.

या यादीची पूर्वपीठिका थोडी लक्षात घेतली पाहिजे. १९३५ च्या कायद्याने मताधिकार दिला तो मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांच्या मापाने, सुमारे तीन-साडेतीन कोटी लोकांना. स्त्रियांपैकी कित्येकींना तो मिळाला तोही पात्र पुरुषाची पत्नी म्हणून. स्वतंत्र भारताने ही मापे फेकून दिली. संविधान लागू होण्यापूर्वीच, १९४८ सालापासून, प्रौढ मताधिकाराच्या यादीचे काम सुरू झाले, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादीत सव्वासतरा कोटींहून अधिक नावे होती. परंतु त्या यादीतून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया गळाल्या. नोंदणीला आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. निर्णय कठोर होता, आणि तो योग्यही होता. राज्यसंस्थेपुढे प्रत्येक प्रौढ माणूस स्वतःच्या नावाने उभा राहील, हा प्रजासत्ताकाचा पहिला नियम त्यातून प्रस्थापित झाला. त्याची किंमत मात्र त्या अठ्ठावीस लाख जणींनी भरली. यादीचा हा दुहेरी स्वभाव तेव्हापासूनचा आहे: ती माणसाला नाव देते, आणि तिच्या चौकटीत न बसणाऱ्याला बाहेर ठेवते.

ही चौकट म्हणजे घर. विधानसभा मतदारसंघाची यादी भागांत विभागलेली असते, एक भाग म्हणजे साधारणतः एक मतदान केंद्र. भागात वस्ती किंवा गल्लीनुसार विभाग, आणि विभागात घरक्रमांकाने नोंदी. अनुक्रमांक, नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, घरक्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढे त्यात येते. ही यादी ठेवण्याची जबाबदारी मतदार नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे बहुधा प्रांताधिकाऱ्याची. प्रत्यक्ष दारोदार फिरतो तो मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. तो कोण असतो? जिल्हा परिषदेचा शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी. स्वतःचे काम सांभाळून त्यांनी हे ओझे वाहायचे असते. यादीतील चुकांबद्दल त्यांच्यावर तोंडसुख घेण्यात पुरुषार्थ नाही.

घर आहे पण माणूस वर्षातले सहा महिने घरात नाही, अशा वेळी काय होते, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, केज, धारूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांचे तांडे निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुढे कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप असते किंवा उंबऱ्यावर म्हातारी माणसे असतात. आता यादीच्या वार्षिक पुनरीक्षणाचे वेळापत्रक पाहावे. गेली अनेक वर्षे प्रारूप यादी बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध होते, दावे व हरकती डिसेंबरपर्यंत चालतात आणि अंतिम यादी जानेवारीत लागते. जो हंगाम फडात जातो तोच यादी तपासण्याचा हंगाम ठरतो. २०२४ ची विधानसभेची निवडणूकही २० नोव्हेंबरला, ऐन गळिताच्या तोंडावर झाली. यामागे कोणाचा कट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ज्यांनी वेळापत्रक आखले त्यांच्या डोळ्यांपुढे ऊसतोड कामगार नव्हता, एवढेच.

कायदा मात्र याबाबत वेळापत्रकापेक्षा शहाणा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नोंदणीसाठी ‘सामान्यतः रहिवासी’ असण्याची अट आहे. विसाव्या कलमात तिचे विवरण आहे. नुसते घर मालकीचे आहे म्हणून माणूस तेथला सामान्य रहिवासी ठरत नाही. तसेच, जो तात्पुरता बाहेर गेला आहे तो केवळ त्या कारणाने रहिवासी असण्याचे थांबत नाही. ही दुसरी ओळ प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. पडताळणीला आलेल्या माणसाला दाराशी कोणी भेटले नाही, शेजाऱ्याने ‘बाहेरगावी गेलेत’ म्हटले आणि कागदावर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला, की पुढची पायरी नाव कमी होण्याची असते. ‘तात्पुरते’ हा एक शब्द सांगायला कोणी हजर नसते.

बिहारमध्ये २०२५ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. विशेष सखोल पुनरीक्षणापूर्वी तेथे ७ कोटी ८९ लाख मतदार होते. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख राहिले. गळालेल्या सुमारे ६५ लाखांपैकी २२ लाख मृत आणि ७ लाख दुबार दाखवले गेले, तर ३६ लाखांवर ‘कायमचे स्थलांतरित अथवा न सापडलेले’ हा शिक्का होता. ज्या राज्याचा तरुण पंजाबच्या शेतात आणि मुंबईच्या बांधकामावर राबतो, त्या राज्यात या शिक्क्याखाली किती जण केवळ कामाला गेलेले असतील? सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला आदेश दिला की, गळालेली नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत. त्यानंतरच ती नावे कारणांसकट लोकांसमोर आली. अंतिम यादी ७ कोटी ४२ लाखांवर थांबली.

नाव कमी करण्याची रीतही ठरलेली आहे. त्याच मतदारसंघातील कोणताही मतदार नमुना ७ भरून दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो; पण मृत्यूची गोष्ट सोडली तर संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून नाव काढता येत नाही. १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पूर्वीच्या यादीत असलेल्या नावाला वजन आहे, आणि ते काढावयाचे तर नोटीस व चौकशी हवी. निर्णय मान्य नसेल तर पंधरा दिवसांत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अपील करता येते, त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. ही वाट आहे. परंतु नोटीस कुलपाला लावलेली असेल, तर चालणारा कोण?

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. कार्यकर्ते नवी नावे उत्साहाने भरतात. मेलेल्यांची आणि दोन ठिकाणी असलेल्यांची नावे काढण्याचा उत्साह सहसा दिसत नाही, विशेषतः ती आपल्या वस्तीतील असतील तर. कोकणातल्या चाकरमान्याचे नाव गावच्या यादीत आणि लालबाग-परळच्याही यादीत, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितली गेली. कायद्याच्या सतराव्या-अठराव्या कलमांनी ती निषिद्ध आहे, आणि खोटे प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फुगलेल्या यादीचा फायदा गरिबाला कधीच होत नाही. ती साफ करण्याच्या निमित्ताने जेव्हा झाडू फिरतो, तेव्हा पहिला तोच बाहेर जातो.

मग करावयाचे काय? प्रारूप यादीचे चावडीवाचन करण्याची प्रथा आहे. बहुतेक ठिकाणी ते कागदावर होते. ते खरोखर व्हावे, मोठ्याने व्हावे, आणि गावात यादीबरोबर आणखी एक वही उघडावी: मुकादमाची. उचल कोणाला दिली याची नोंद तिच्यात असते. त्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. यादीत ती दोन नावे असली पाहिजेत. दोन्ही ताडून पाहिले की कोण राहिले ते तासाभरात कळते, आणि राहिलेल्यांत बायका अधिक निघतात. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीत अडकलेले असते. ते नमुना ८ भरून हलवता येते, पण हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. पाल ठोकून राहणाऱ्यांजवळ पत्त्याचा पुरावा नसतो म्हणून त्यांचे अर्ज भरले जात नाहीत. वस्तुतः आयोगाच्या सूचनेनुसार बेघराला असा पुरावा लागत नाही; अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस तेथे झोपतो की नाही हे पाहावयाचे असते.

ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेच्या निवडणुकांसाठीही विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरली जाते, त्यामुळे हे काम दोनदा करावे लागत नाही.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत बदल होत नाही आणि प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागतात. एरवी मात्र नमुना ६ वर्षभर स्वीकारला जातो. पूर्वी अर्हतेचा दिनांक १ जानेवारी हा एकच होता. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर हेही धरले जातात. तांडे एप्रिलमध्ये परततात. फडात अठरा वर्षे पूर्ण केलेली मुले-मुली तेव्हा गावात असतात, आणि दसऱ्यापर्यंत पाच महिने हाती असतात.